मिरचीची ओळख

बेबीबाईनं सात लाल मिरच्या, मीठ आणि मोहरी मुठीत धरून नातीच्या अंगावरून सात वेळा उतरवली आणि मूठ घमेल्यातल्या निखाऱ्यांवर उघडली. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या, धूर खोलीभर पसरला. सून रमिला दहा महिन्यांच्या भूमिकाला मांडीवर घेऊन बसली होती. सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं सासूकडं. दोघी श्वास घेत वाट पाहत राहिल्या.

ठसका आला नाही.

"देख वं, रमिला," बेबीबाईचा चेहरा उजळला. "जराबी ठसका उना नही. केवढी जबरी नजर लागनी व्हती पोरले!"

रमिलाचा जीव भांड्यात पडला. हे शास्त्र सगळ्यांना तोंडपाठ असतं: नजर नसेल तर मिरची नाकातोंडात झोंबते; नजर असेल तर मिरची ती खाऊन टाकते, मग ठसका कुठून येणार? तीन दिवस पोर मलूल होती. दूध तोंडात घ्यायची आणि सोडून द्यायची, धड रडतही नव्हती. आता दुखणं सापडलं होतं, आणि सापडल्या सापडल्या जळूनही गेलं होतं. एवढ्या झटपट काम तर डॉक्टरलाही जमत नाही.

तेवढ्यात दारात कुणीतरी खोकलं.

गल्लीतली आशा सेविका, शकीला. पोरीचं महिन्याचं वजन करायला आली होती. ओढणी नाकावर दाबून, वाकून, भिंतीला हात टेकून ती खोकत होती.

"काय जाळी ऱ्हायनी, मावशी? गल्लीमा उभं ऱ्हावाई नही ऱ्हायनं!"

बेबीबाईचा हात दाराच्या फळीवर गेला. तिच्या माहेरी या शास्त्राला एक शेपूट होतं: घरात कुणाला ठसका नाही आणि एकालाच लागला, तर नजर त्याची. आणि गेल्याच महिन्यात हीच शकीला पोरीचा गाल ओढून म्हणाली होती, "काय गुबगुबीत शे वं!" झालं. बेबीबाईनं दोन आणि दोन चार केले.

"आज नको. पोर निजेल शे."

"नुसती देखी लेसू ना."

"नको सांगं ना तुले."

तिनं दार पुढं ओढलं. फटीतून शकीलाचा गोंधळलेला, लाल झालेला चेहरा दिसत होता. मग समोरच्या ओट्यावर धुडकूबाबा खोकायला लागले. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना स्वतःची भाकरी दिसायची पंचाईत, ते कुणाला नजर काय लावणार? मग नळावरची पोरं खोकत पळाली. पलीकडे दावणीला बांधलेली बकरी एकामागून एक शिंका देऊ लागली. सगळ्या गल्लीनं मिळून नजर लावली असेल, तर त्यात बकरीही सामील होती.

बेबीबाई वळली. खोली धुरानं भरली होती. धुरामागं रमिला शांतपणे पोरीला थोपटत बसली होती. पोरीचे डोळे टक्क उघडे होते. तिघींपैकी एकीचंही नाक चुरचुरलं नव्हतं, एकीचीही पापणी ओली नव्हती. बाहेर सगळं जग खोकत होतं आणि आत नुसती शांतता.

नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरच्या वाळत घालायची मोठमोठी मैदानं आहेत, त्यांना पथारी म्हणतात. अशाच एका पथारीवर बसून देठ खुडण्यात बेबीबाईची अठरा वर्षं गेली होती. नवी बाई आली की पहिला आठवडा खोकून खोकून ओकते. मग एक दिवस खोकला आपोआप थांबतो. मुकादम हसून म्हणतो, "मिरचीनं तुले वळखं." दसऱ्यानंतर रमिला सहा महिन्यांच्या पोरीला तिथं झोळीत घेऊन जायला लागली. पाच दिवस पोर खोकली, सहाव्या दिवशी गप्प झाली. साऱ्या बायकांनी कौतुकानं कानशिलावर बोटं मोडली होती, आणि सगळ्यांत आधी बेबीबाईनं.

तिनं दार उघडलं.

"शकीला, मझार ये वं."

शकीलानं आधी घमेलं उचलून बाहेर नेलं, खिडकी उघडली. मग पोरीचं झबलं वर केलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाली, "आते कोनी बोलू नका. येक मिनिट."

ते मिनिट काही केल्या संपेना. पोरीचं पोट भराभरा वरखाली होत होतं. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडायचा, जणू आतून कुणी कातडी ओढून धरत होतं. हे तीन दिवस असंच चाललं असणार. झबल्याखाली बघायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"बासठ," शकीला म्हणाली. "पन्नासना वर जावाले नको. खोकनी का ही?"

"नही ना," रमिलाच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. "तीन दिनमा येकदाबी नही."

"तेच तं वाईट शे. खोकला म्हंजे फुप्फुसना राखनदार. दूध चुकीसन तिकडे गयं, कफ साचना, का तो वरडस, बाहेर लोटस. हिना राखनदार निजी गया. चोर घरमा शिरना, तरी वरडना नही."

"पन मिरचीनं तिले वळखं ना..." बेबीबाई पुटपुटली.

"वळखं नही, मावशी. मिरचीनं त्याले निजाडी दिन्हं."

सरकारी दवाखान्यात फोटो काढला, तेव्हा उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक होता. पोरीच्या तोंडावर मास्क चढला, हाताला सुई लागली. आता कफ सुटून खोकला यायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. बेबीबाई खाटेशी बसून राहिली. ना उठली, ना धड जेवली. लोक देवाकडं काय काय मागतात. तिनं खोकला मागितला. पोरीच्या छातीवर तळहात ठेवून ती कानात म्हणायची, "खोक ना वं माय, येकडाव खोक." छाती भात्यासारखी नुसती चालत राहायची.

पाचव्या दिवशी दुपारी खाली कॅन्टीनमध्ये कुणीतरी फोडणी जाळली. वॉर्डाच्या त्या टोकाला एक जण खोकला. मग त्याच्या शेजारचा. खोकला एकेका खाटेवरून पुढं सरकत यायला लागला, घरोघरी दार वाजवत कुणी यावं तसा. बेबीबाई उभी राहिली.

भूमिकानं नाक मुरडलं. तिचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, आणि ती खोकली. एकदा. मग पुन्हा, जोरात, आणि ओठांवर घट्ट कफ आला. रमिला तो पुसता पुसता रडत होती, हसत होती, आणि हसतानाच तिलाही ठसका लागला. पाच दिवस ती पथारीवर गेली नव्हती. खोकून खोकून तिनं खाटेची दांडी धरली.

"आत्या, देखा ना!" ती सासूला म्हणाली. "मलेबी उना!"

बेबीबाईनं खोल श्वास घेतला. डॉक्टर सांगतात तसा, पार तळापर्यंत. जळकी हवा नाकातून घशात उतरली, घशातून छातीत गेली, आणखी खाली गेली. वाटेत तिला कुणी अडवलं नाही. बेबीबाई थांबून राहिली. आणखी एक श्वास घेतला. अठरा वर्षांच्या त्या घरात कुणी जागं नव्हतं.

रमिला तिच्याकडंच पाहत होती. हसू अजून ओठांवर होतं, पण डोळे थांबले होते.

"आत्या, तुमले?"

बेबीबाईनं पदर तोंडाशी नेला, खांदे हलवले आणि दोनदा खोकली. नात आत्ता खोकली होती, हुबेहूब तशी.

"उना ना," ती म्हणाली. "लई उना."

आणि डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून पदर तसाच डोळ्यांवर धरून ठेवला.