मागची काच

आमच्या मोटारीची मागची काच एका बैलाने फोडली. खरं सांगायचं तर दोष बैलाचा नव्हता. सेलूच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना नेमकी तिच्या पुढ्यात नेऊन मोटार उभी करायची, हे शहाणपण आमच्या ह्यांचं. बैलाला काचेत दुसरा बैल दिसला, त्याने मान खाली घातली आणि शिंग आरपार. मोंढ्यातले लोक पोट धरून हसले. घरी ऐकून मीही हसले. त्या भोकापायी माझ्या लेकीचं माहेरपण अडणार आहे, हे तेव्हा मला काय ठाऊक!

ह्यांचं नाव मार्तंडराव. वकील. निजामाच्या अमलात कोर्टाचं काम उर्दूत चाले, आणि ह्यांची उर्दू अशी की ऐकताना मुन्सफ मान डोलवायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही दारात दिवे लावले, पेढे वाटले. मग हळूहळू उर्दूही गेली आणि तिच्यामागोमाग पक्षकार गेले. नव्या वकिलांचं इंग्रजी फाडफाड. ह्यांना इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. मोटार तेवढी राहिली, हैदराबादेला निघून गेलेल्या एका अंमलदाराने जाताना विकलेली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमचा पीळ दारात चार चाकांवर उभा होता.

लीला आमची एकुलती एक. पाथरीला दिलेली. सेलूहून पाथरी म्हणजे काही काशी नव्हे, मोटारीने तासाभराची वाट. पण लेक दिली की ती तासाभराची वाटही तिच्या सासूच्या होकारावरून जाते. दिवाळीला आली होती तेव्हा तिसरा सरत आला होता. जाताना म्हणाली, "आता येईन ते बाळंतपणालाच येईन बघ आई. चांगली तीन महिने जायची नाही." ते तीन महिने मी मनात किती वेळा मांडले आणि किती वेळा मोडले! कोपऱ्यातली खोली सारवून घेतली. बाज विणून घेतली. डिंक आणून ठेवला, जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली. दुपारी सगळं आवरलं की त्या रिकाम्या बाजेवर जाऊन बसायची. लाज कसली सांगायला, मला माझी लेक हवी होती. तिचं पोट मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सातवा निम्मा सरला तसे हे पाथरीला बोलणं करायला गेले, मागच्या भोकाला गोणपाट लावून. व्याही आबासाहेब मोटारीभोवती एक फेरी मारून आले म्हणे. गोणपाट बोटाने उचलून बघितलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, लेक तुमची हाय, नेणं तुमचा हक्क हाय. पण हे माघाचं वारं बघा कसं आत शिरायलंय. पोटुशा बाईच्या पाठीला वारं लागलं तर? काच बसवून आणा आणि सातवा सरायच्या आत खुशाल घेऊन जा."

आता ह्यात चुकीचं काही नव्हतं. बैलगाडीतून हाडं खिळखिळी झाली असती आणि बसमध्ये बिड्यांचा धूर. प्रश्न काचेचाच होता. परभणीच्या मिस्त्रीने सांगितलं, तशी काच हैदराबादहून मागवावी लागेल, बसवणावळ वेगळी. खर्च ऐकून हे तिथूनच परत फिरले.

"काच म्हणजे काच," घरात आल्या आल्या मला म्हणाले. "कपाटाला बसते ती मोटारीला का बसू नये? मी बसवतो. हैदराबादला कशाला पैसे घालायचे?"

"तुमी?" मी म्हणाले. "तुमाला चष्म्याची काडी बसवता येत न्हाई."

"तू बेफिकीर राहा."

ह्यांनी बेफिकीर राहा म्हटलं की मला फिकीर लागते. पण घरची स्थिती मला माहीत होती. बाळंतपणाचा खर्च तोंडावर होता, तेव्हा कपाटातलं सामान आवरायला घेतलं.

ह्यांनी कपाटाच्या दाराची काच काढली. तसबिरी मढवणाऱ्या सटवाजीकडून काच कापायची हिऱ्याची कलम मागून आणली. सटवाजी म्हणत होता, मी कापून देतो. पण नाही! मोटारीतल्या उरलेल्या काचा काढून टाकून भोकाचं माप कागदावर उतरवलं, तेही कसं, जमिनीच्या वादात बांध मोजावा तसं. दोन दिवस मापच चाललं होतं. मग काच कापली. एका दमात, सुरेख कापली, तडा नाही की कपचा नाही. मला हाक मारून दाखवली. मीसुद्धा म्हटलं, वा. आणि मग भोकावर धरली, तशी ती सरळ आत गेली आणि मागच्या बाकावर पडून तिचे तीन तुकडे झाले.

वकिलांनी भोकाचं माप घेतलं होतं. काचेची कड रबरी पट्टीच्या खाचेत जायला हवी, त्यासाठी ती चारी बाजूंनी बोटभर मोठी हवी, हे ध्यानातच आलं नव्हतं. बरोबर भोकाएवढी काच भोकातून बरोबर जाणारच!

मी हसले नाही. सातव्याचे थोडेच दिवस उरले होते. मिस्त्रीला आता सांगितलं तर हैदराबादहून काच येईपर्यंत आठवा लागणार, आणि आठव्यात पोटुशी बाई वेशीबाहेर काढत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे बाकावर डोकं धरून बसले होते. सटवाजीकडे एवढी मोठी काच नव्हती. गावात नव्हती. मी आत गेले आणि माझ्या माहेरचा आरसा भिंतीवरून उतरवून आणला.

"हा?" हे म्हणाले. "हा तुझ्या वडलांनी दिलेला."

"त्यांनी लेकीसाठी दिला. मीबी लेकीसाठीच द्यायलेय. धरा."

आरशाच्या पाठीवरचा लाल रंग आणि त्याखालची कलई वस्तऱ्याने खरवडायला आम्ही दोघं बसलो. तेवीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून एक काम केल्याचं मला आठवत नाही. भाजीसुद्धा ते आणायचे आणि मी नावं ठेवायची. आता मांडी घालून समोरासमोर बसलो होतो. खरवडलेल्या जागेतून आधी ह्यांचं बोट दिसलं, मग मनगट, मग सदऱ्याची बाही. "लीला आली की तिला सांगू नको आरसा मोडला म्हणून," हे मध्येच म्हणाले. "रडंल." मग स्वतःच नाक पुसलं. मला राग यायला हवा होता, आला नाही.

ह्या वेळी काच मोठी कापली. कोपरे गोल करायला मी पाट्यावर पाणी घालून घासत बसले. बसवायची युक्तीही शेवटी जमली. रबरी पट्टी गरम पाण्यात मऊ केली, काचेच्या कडेने चढवली आणि पट्टीच्या बाहेरच्या खाचेत माझ्या परकराची नाडी फिरवून तिची टोकं आत सोडली. हे मोटारीच्या आत बसून नाडी ओढणार, म्हणजे पट्टीचा ओठ आतल्या बाजूला पत्र्यावर चढणार, आणि मी बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबणार. साबणाचं पाणी लावलं. हे ओढत होते, मी दाबत होते. "हळू!" "दाबा!" "अगं दाबायचं तुला हाय!" वाटेने जाणारे थांबून बघत होते, पण मला कुणाची पर्वा नव्हती. नाडीचं शेवटचं टोक सुटलं आणि काच बसली. एका कोपऱ्यात कलईचा ढग तेवढा राहिला होता. हे आतून माझ्याकडे बघून हसले. लग्नात हसले होते, तसे.

दुसऱ्या दिवशी हे लेकीला आणायला गेले. मी भाकर तुकडा ओवाळायला काढून ठेवला. चुक्याची आंबट भाजी केली, तिला डोहाळे लागले होते त्याचे. बाजेवर गादी घातली, उशाला तिची जुनी शाल. उन्हं कलल्यावर मोटारीचा आवाज आला. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी उंबऱ्यात उभी राहिले.

मोटार थांबली. हे उतरले. दुसरं कुणी उतरलं नाही.

"कमलबाई म्हनाल्या, काल आठवा लागला," हे म्हणाले. कमलबाई म्हणजे लीलाची सासू. "मी हिशेब सांगितला. त्यांचा हिशेब निराळा. आबासाहेबांनी काच बघितली, बरी बसली म्हनाले. पण बायकांच्या ह्या गोष्टीत मी कसा पडू म्हनाले."

"आन् नवव्यात?"

"नवव्यात एवढ्या खड्ड्यातून कोण हलवतं म्हनाल्या. बाळंतपण हिथंच होऊ द्या."

"लीला?"

"दारामागं उभी होती. कपडे बांधून."

तांब्यातलं पाणी मी तिथेच अंगणात ओतून दिलं. मग आत जाऊन त्या बाजेवर पडले आणि ओरडून रडले. कपाटाच्या काचेपायी गेलेले ते चार दिवस! मी ह्यांना बोलले नाही असं नाही. पुष्कळ बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

सकाळी उठून धपाटे केले, चुक्याची भाजी पुन्हा केली, लोण्याची वाटी, तेलाची बाटली आणि लीलाची शाल डब्याबरोबर घेतली आणि मोटारीत जाऊन बसले. "चला पाथरीला."

"अगं, पण तू तिथं राहशील कशी?" हे म्हणाले. आमच्यात नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत आई लेकीच्या घरचं पाणीदेखील घेत नाही, मग राहायचं कुठलं.

"राहत न्हाई. तुमी चालवा."

पाथरीला त्यांच्या दारात मोटार लागली तसं मी खाली उतरून ओट्यापर्यंत गेले. कमलबाईंनी हळदकुंकू लावलं, आत चला म्हणाल्या. बाई वाईट नव्हे. तिच्याही लेकीचं पहिलं मूल माहेरी येताना वाटेत गेलं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर तिच्याशी भांडताही येईना.

"आत येऊन काय करू?" मी म्हणाले. "तुमच्याकडचं पाणी चालत न्हाई. लीलाला घटकाभर मोटारीत माझ्याजवळ बसू द्या. वेस ओलांडायची न्हाई. चाकसुद्धा हलायचं न्हाई."

कमलबाईंनी आबासाहेबांकडे बघितलं. आबासाहेब खाली आले. मागच्या काचेच्या कडेवरून सगळीकडून तळहात फिरवला, मग आत बसून दार लावून घेतलं आणि कुठून वारं येतंय का बघत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "बसू द्या. घरापेक्षा ऊब हाय."

लीला आली. एका हाताने कंबर धरून, सावकाश, पायऱ्या बघत. केवढी झाली होती! चेहरा फुगलेला, डोळ्यांखाली काळं. मी तिला हात देऊन आत घेतलं आणि दार लावलं. हे बाहेर लिंबाखाली आबासाहेबांशी बोलत उभे राहिले.

पहिल्यांदा ती मला बिलगली. माझ्या खांद्यावर नाक घासत राहिली. "आई, तुझ्या अंगाला चुलीचा वास येतोय आपल्या," म्हणाली. मग डबा उघडून खायला लागली. धपाट्याला लोणी लावून मी घास देत होते आणि ती लहानपणी खायची तशी, गालात साठवून खात होती. मोटारीत सांडत होती, मी सांडू दिलं. पोटावर माझा हात नेऊन ठेवला तिने. आत काहीतरी ढुशी मारत होतं. मी तिचे केस सोडले, तेल लावलं, वेणी घातली. खोली सारवल्याचं सांगितलं. बाजेचं सांगायचं नाही ठरवलं होतं, तेही सांगून बसले.

"मला तिथं यायचं होतं आई," ती म्हणाली.

"मला ठाऊक हाय."

"खूप यायचं होतं."

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. एवढंसं बाक, पाय दुमडून घ्यावे लागले तिला. शाल पांघरली. बाहेर वारं सुटलं होतं, लिंबाची पानं उडत होती. आत ते काही येत नव्हतं. थोपटता थोपटता तिचा श्वास संथ झाला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही.

दिवेलागणीला त्यांच्या घरची मोलकरीण कासाबाई आली आणि दाराच्या काचेवर टकटक केली.

"बाई, कमलबाई बोलवायल्यात. सूनबाईला आत चला म्हनल्या. लय वेळ झाला."

मी दार बोटभर उघडलं.

"त्यांना म्हणावं, लेक माहेरी आलीय," मी हळू आवाजात म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय. उठली की पाठवते."

आणि वारं आत येऊ नये म्हणून दार लावून घेतलं.