शुक्रवारच्या आधी उपटलेल्या वेली

त्या आठवड्यात एदिये ओपा, म्हणजे आमची एदियेताई, कुठे टेकलेली मला एकदाही दिसली नाही. प्रयोगशाळेत यायची, खिडकीशी जायची, परत दाराशी. माझ्या काचेच्या नळ्या उगाच इकडच्या तिकडे करायची. चहा दिला तर पेला घेऊन बाहेर पडायची आणि कुठल्यातरी खांबावर ठेवून विसरून यायची.

मार्च शहाऐंशी. दारूबंदीचा हुकूम मॉस्कोहून निघाला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि आता तो आमच्या किझिलसोयच्या सरकारी मळ्यावर येऊन पोचला होता. शुक्रवारी समिती येणार, ट्रॅक्टर येणार आणि वाइनच्या द्राक्षांचे चाळीस हेक्टर मुळासकट निघणार. खायच्या द्राक्षांना तेवढं अभय.

त्या चाळीस हेक्टरांत एक ओळ एदिये ओपाची होती. ती मळ्याची वेलतज्ज्ञ, वय एक्कावन्न, क्रिमियाची तातार. नऊ वर्षांची असताना, चव्वेचाळीस साली, सरकारनं अख्ख्या गावासकट गाडीत कोंबून इकडे आणून टाकलेली. क्रिमियातली एक वेल आणि इथली एक, असा संकर करून तिनं बियांपासून चाळीस वेली वाढवल्या होत्या. सगळी सख्खी भावंडं, पण गुण प्रत्येकीचा निराळा. मी मळ्याची रसायनतज्ज्ञ, हासियत. दर वर्षी त्या चाळीस वेलींची वाइन वेगवेगळ्या बाटल्यांत करून तपासणं माझ्याकडे. एकोणीस नंबरची बाटली उघडली की आम्ही दोघी तपासणीची वही बाजूला ठेवून पेले तळापर्यंत रिकामे करायचो.

"ताश्कंदला तिसरं पत्र टाकलंय," ओपा म्हणायची. "एवढी एक ओळ सोडा म्हटलंय. उत्तर येईल."

उत्तर येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

मंगळवारी आमच्या संचालकांच्या मुलाचं लग्न. अख्खा मळा मांडवात. दारूबंदीचे दिवस, म्हणून चहाच्या किटल्यांतून 'थंड चहा' फिरत होता आणि पाहुणे तो फुंकर घालून पीत होते. ओपा आली, वधूच्या हातात पाकीट ठेवलं आणि उभ्या उभ्याच गेली.

बुधवारी सकाळी ती धापा टाकत प्रयोगशाळेत शिरली. "हासियत, सात वेली नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत! कुणीतरी खणून नेल्या."

आम्ही धावत गेलो. थंडीभर मातीखाली निजवलेल्या वेली गेल्याच आठवड्यात उकरून वर काढल्या होत्या, जमीन लोण्यासारखी मऊ होती. ओळीत सात खड्डे. मुळं करवतीनं स्वच्छ कापलेली. बांधावर चाकांचा माग, त्यातलं एक चाक लुळं असावं, कारण त्याची रेघ सापासारखी वळवळत गेली होती. ओपा थेट एकोणीस नंबरशी गेली. ती काटकुळी वेल जागच्या जागी होती. ओपानं तिच्या खोडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

तेवढ्यात आमचे पोलीस बेरदियोर अका, म्हणजे बेरदियोरदादा, सायकल ढकलत आले. कुणीतरी वर्दी दिली होती.

"सरकारी मालमत्तेची चोरी," ते वही काढत म्हणाले.

"अका, परवा ट्रॅक्टर फिरवून चुराच करणार आहात ना सगळ्याचा?" मी म्हटलं.

"परवा उपटलं तर ते सरकारी काम. मंगळवारी उपटलं तर चोरी. शुक्रवारी समिती बुंधे मोजणार. कागदावर चाळीस आणि जमिनीत तेहतीस निघाले, तर पहिली चौकशी कुणाची होईल? ओपांची."

ते गेल्यावर ओपा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. "त्यांना वाटतंय मीच नेल्या," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं हळूच, "रोज वाटत होतं गं न्याव्यात. रोज कुदळ घेऊन निघायचे आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचे."

दिवसभर आम्ही चाकांमागे फिरलो. दूधवाल्याची ढकलगाडी पाहिली, गोदामातली पाहिली, सुताराची पाहिली. सुतार चिडला. "मी काय द्राक्षचोर दिसतो? मला द्राक्षांनी आंबट ढेकर येतात!" ओपानं त्याची माफी मागितली आणि तरी वाकून चाक तपासलंच.

संध्याकाळी माझ्या जावेनं लग्नातून बांधून आणलेले समसे, म्हणजे भट्टीत भाजलेले सामोसे, पुढ्यात ठेवले. एक उचलला तर खालून कोळसा.

"हे अंझिरत ओपाच्या हातचे?" मी विचारलं. अंझिरत ओपा म्हणजे आमच्या बालवाडीची स्वयंपाकीण. तीस वर्षांत तिच्या भट्टीत काही करपलेलं कुणाला आठवत नव्हतं.

"ती भट्टीवर होतीच कुठे? कांदे आणते म्हणून दहाला गेली ती एकला उगवली," जाऊ म्हणाली. "नवऱ्यालाही घेऊन गेली होती. त्यानं काय कांदे मोजायचे होते?"

बालवाडीत लुळ्या चाकाची एक जुनी बाबागाडी होती. अंझिरत ओपा तीत दुधाचे डबे घालून न्यायची.

गुरुवारी सकाळी आम्ही बालवाडीत पोचलो तेव्हा अंगणात शेणखताचा वास होता. नव्या लाकडी मांडवाच्या पायाशी सात वेली ओळीनं लावलेल्या होत्या. खोडांना ओलं गोणपाट नीट गुंडाळलेलं. अंझिरत ओपा बादलीनं पाणी घालत होती. आम्हाला बघून ती जराही दचकली नाही.

"या. सूप होतंय, बसा."

"या वेली माझ्या आहेत," एदिये ओपा म्हणाली.

"तुझ्याच आहेत. शुक्रवारी मरणार होत्या, मी मंगळवारी आणल्या. उन्हाळ्यात पोरं इथे भाजून निघतात. चार वर्षं मांडवाला वेली मागतेय, कुणी देत नाही."

"मला विचारायचं होतं!"

"विचारलं असतं तर तू ताश्कंदला चौथं पत्र लिहिलं असतंस."

एदिये ओपानं सातही वेली एकेक करून बघून घेतल्या. मग एकदम उसळली, "आणि एकोणीस नंबर का नाही आणलीत?"

"कुठली? ती मरतुकडी? तिला कोण हात लावेल! मी जाड खोडं बघून घेतली."

मला हसू आलं, पण एदिये ओपाचे डोळे भरले होते. ती वळली आणि चालायला लागली. मी मागे धावले. औजारांच्या खोलीतून तिनं कुदळ घेतली, करवत घेतली, आणि या वेळी अर्ध्या वाटेवरून परतली नाही. भर दिवसा, रस्त्यावरून माणसं जात असताना, गुडघ्यांवर बसून तिनं एकोणीस नंबर खणून काढली. मी मुळं ओल्या पोत्यात धरली. एक मूळ माझ्या हातून निसटलं, तशी ती मला म्हणाली, "नीट धर, पोर आहे तुझ्या हातात!"

अंझिरत ओपानं आठवा खड्डा खणून ठेवला होता.

संध्याकाळी बेरदियोर अका मुलीला न्यायला बालवाडीत आले. मांडवाकडे बराच वेळ बघत राहिले. "हे कधी केलंत?"

"श्रमदान," अंझिरत ओपा म्हणाली. "लेनिनच्या वाढदिवसाचं. यंदा जरा आधीच उरकलं."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. एदिये ओपा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अका, चाळीसपैकी आठ वेली थंडीत मेल्या. मी लिहून देते."

"आठ? काल सात होत्या."

"काल मी नीट मोजल्या नव्हत्या."

अकांनी मुलीचं बोट धरलं. "लिहून द्या," ते म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी ट्रॅक्टर आला. बत्तीस बुंधे मोजले गेले, कागदावर सह्या झाल्या. ओपा शेवटच्या बुंध्यापर्यंत बांधावर उभी होती. त्या रात्रीही तिला झोप नव्हती म्हणे, पण आता आठ वेलींच्या काळजीनं.

सातांपैकी पाच जगल्या. एकोणीस नंबरनं पहिल्या उन्हाळ्यात दोनच पानं काढली. ओपा दिवसातून तीनदा बालवाडीत खेपा घालायची, आणि तिचीच नातवंडं तिथे शिकतात असं नव्या शिक्षिकेला वाटायचं. तिसऱ्या शरदात एकोणीस नंबरला घड लागले. पोरांनी आंबट म्हणून थुंकले. मी लोणच्याच्या बरणीत तीन लिटर वाइन केली, चोरूनच. पहिली खेप बिघडली. दुसऱ्या वर्षीची चाखली तेव्हा आम्ही दोघींनी पुन्हा पेले तळापर्यंत रिकामे केले. अंझिरत ओपानं मात्र घोटभर घेऊन तोंड वाकडं केलं. "याच्यासाठी एवढं रडलात?"

नव्वद साली तातारांना क्रिमियात परतता येऊ लागलं, आणि एदिये ओपा निघाली. एकोणीस नंबरच्या बारा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं उशीच्या अभ्र्यात शिवल्या. स्टेशनवरही ती फलाटावर फेऱ्या मारत होती. "अगं, बस जरा, चार दिवसांचा प्रवास आहे," अंझिरत ओपा तिला ओरडली.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. राहायला घर अजून नव्हतं, ती भाचीच्या तंबूत होती. तंबूमागे काड्या लावल्या होत्या. बारापैकी चार फुटल्या.