उठवायचा गडी

कमळच्या उशाशी वॉकर उभा होता आणि त्याचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. मांडीचं मोडलेलं हाड ऑपरेशननं जुळलं होतं. आता पाय जमिनीला टेकवला नाही, तर ही बाई कायमची खाटेला खिळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण कमळ टेकवेल तर शपथ! भिंतीकडे तोंड करून पडायची आणि सून पूनम हात द्यायला आली की म्हणायची, "माझा खेळ संपला, पोरी."

हे ऐकलं की तिची बालमैत्रीण कोकिळा हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खेळ संपला म्हणे! कमळच्या तोंडी हे शब्द शोभतात का? दोघी खाडीकाठच्या खारेपाटातल्या एकाच गावच्या, मिठागरवाल्यांच्या लेकी. भातकापणी झाली की रिकाम्या शेतातली ढेकळं फोडून पटांगण करायचं, शाळेच्या झग्याखाली भावांच्या हाफ पँटी चढवायच्या आणि कबड्डी. हिरकणी संघ म्हटलं की आजूबाजूच्या गावांतल्या पोरी टरकायच्या. कोकिळा चढाई करायची, कमळ कप्तान. मग अक्षता पडल्या, कमळ सासरी चौलला आली आणि खेळ सुटला तो सुटलाच. पण साठी उलटली तरी कोकिळाला ती शेतं अजून स्वप्नात दिसायची.

त्या दुपारी ती एसटीनं आली ती पांढऱ्या कांद्यांची माळ घेऊन. कमळनं मान वळवली नाही. भिंतीशी किती बोलायचं? कंटाळून कोकिळानं फळीवरचं एक रंगीत पुस्तक ओढलं. कमळचा नातू गणराज पनवेलला कॉलेजात होता. तो मित्रांबरोबर पटावर रंगवलेली बाहुली मांडून फासे टाकत खेळायचा, त्या खेळाचं हे कॉमिक. इंग्रजी दोघींनाही बेताचंच, पण चित्रांना कुठे भाषा लागते!

एका बाजूला सुळेवाले हिरवे राक्षस, दुसऱ्या बाजूला दाढीवाले बुटके. एकाच्या हातात काटेरी चेंडू आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडलेले.

"गो कमळे, पकड बघ या बुटक्याची! आपल्या संघातल्या नीराबाईसारखा पायाला चिकटलाय."

भिंतीकडचं डोकं हललं. "नीराबाईची पकड याच्याहून बरी होती. दाखव."

कोकिळानं पुस्तक तिच्यापुढे धरलं. दोघी चष्मे लावून बघू लागल्या. हिरव्यांच्यात एक पिटुकला, मोठ्या कानांचा गडी होता. त्याच्याच संघातल्या धिप्पाडानं त्याला चेंडूसकट उचलून लांब भिरकावलं. पिटुकला आपटला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं.

"बाद," कमळ म्हणाली.

"असूदे. यांच्या संघानं गडी मारला की उठंल. पयला बाद झालेला पयला उठतो."

"मला शिकवतेस? पान उलट."

पानं उलटत गेली. हिरव्यांनी गुण मिळवला, बघणारी माणसं नाचली, पण पिटुकला काही उठला नाही. कमळ कोपरावर रेलून उठली होती. "याचा कप्तान झोपलाय काय? गडी उठवत न्हाय तो!"

"शेवटाला उठवतील. मी सांगते ना."

शेवटच्या पानावर रिकाम्या बाकड्यावर त्याचे चिमुकले बूट ठेवले होते, वर एक फूल.

चहा घेऊन आलेल्या पूनमनं डोकावून पाहिलं. "मावशी, या खेळात गेला तो गेलाच. गणराजनं त्याचं बाहुलं कधीच डब्यात भरून टाकलं."

"बघितलंस?" कमळ म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

कोकिळाला रडूच कोसळायचं बाकी होतं. हिला हसवायला गेली आणि नको तेच दाखवून बसली. त्या पुस्तकाचा, त्या बुटांचा आणि स्वतःचा तिला भयंकर राग आला. ती ताडकन उठली आणि पदर खोचला.

"तो खेळ आपला न्हाय, कमळे. आपल्या खेळात उठवतात. ही लादीची सांध म्हणजे मधली रेघ. पूनम, चहा ठेव आणि तिथंच उभी रहा."

आणि कोकिळानं दम धरला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." गुडघे कुरकुरत होते, छाती भात्यागत वरखाली होत होती. बिचकून मागे सरणाऱ्या पूनमच्या दंडाला तिनं हात लावला, गर्रकन वळली आणि रेघेच्या अलीकडे येऊन खाटेच्या कठड्याला धरून धापा टाकू लागली.

"गडी मारला. उठ. तुझा नंबर हाय."

"खोटं!" कमळ कडाडली. ती शेतातली कप्तान जशीच्या तशी. "दम सुटला तुझा. रेघेच्या पलीकडंच सुटला."

"न्हाय सुटला."

"मला सांगतेस? तेव्हापासनं हीच खोड तुझी! थांब, दाखवते कुठं सुटला."

तिनं पांघरूण फेकलं आणि प्लॅस्टिकसकट वॉकर ओढला. पूनम धावणार, तोच कोकिळानं तिला डोळ्यानं दटावलं. कमळचा एक पाय जमिनीला टेकला, मग दुसरा. ओठ आवळून, थरथरत, पण रागानं ती लादीच्या सांधेपर्यंत गेली. पलीकडच्या लादीवर वॉकरचा पाय आपटला.

"इथं सुटला!"

तिथं नव्हता सुटला. तो त्याच्याही आधी, पूनमपाशीच सुटला होता. पण कोकिळा कशाला बोलते! ती कमळच्या खाटेवर जाऊन बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

"बरं बाई. मी बाद."

कमळनं आपल्या जागी बसलेल्या कोकिळाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"बस तिथंच," ती म्हणाली, आणि वॉकर पूनमच्या दिशेनं वळवला. "तुला उठवायला आता मलाच जायला पायजे."