लोखंडाचे ठिगळ

मित्रांनो, मी वय झालेला तांब्याचा टोप आहे. वसईजवळच्या गास गावातल्या एका वाडीत, घराच्या मागच्या पडवीत मी पालथा पडून असतो. पालथा असल्यामुळे माझे बूड सगळ्यांना दिसते. त्या बुडाला तळहाताएवढे लोखंडाचे ठिगळ आहे, सहा लोखंडी रिबिटी ठोकून बसवलेले. येणारेजाणारे म्हणतात, "काम पक्कं केलंय हो!" काम पक्केच आहे. तेच तर माझे दुखणे आहे.

वसईच्या बाजारातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. मॅग्डलीन नावाच्या बाईने मला घरी आणले आणि त्याच दिवशी घरात बजावले, "यात भात नाय, पेज नाय, आंघोलीचं पानी नाय. यात फकस्त रंग."

तो रंग बारतोंडीचा. कुंपणाच्या कडेला वाढणारे हे झाड. त्याचे फळ इतके उग्र की गुरेसुद्धा त्याच्या वाटेला जात नाहीत. पण त्याच्या मुळ्यांच्या सालीत लाल रंग दडलेला असतो. मॅग्डलीन एका वेळी झाडाच्या एकाच बाजूच्या मुळ्या काढी, वर माती लोटी आणि मग तीन पावसाळे त्या झाडाला हात लावत नसे. साल वाळवायची, कुटायची. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, मग तुरटीच्या. नंतर ते माझ्या पोटात यायचे आणि खाली मंद जाळ लागायचा. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. सकाळी सुरू केलेले काम दुपार कलली तरी चाले. शेवटी लुगडे बावखलात, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्यात, खळबळून सावलीत टाकले, की वाटेने जाणारी बाई थांबून बघत राही. तेव्हा मला फार गर्व होता, खोटे कशाला सांगू?

या कामाचा एक नियम होता. लोखंड माझ्या वाऱ्यालाही उभे करायचे नाही. ढवळायला लाकडी दांडा, उतरवायला ओल्या गोणपाटाचे तुकडे. रंगाच्या दिवशी पुरुषांनाही परसात मज्जाव असे. का, ते त्यांनी कधी विचारले नाही. त्या दिवशी घराबाहेर पडायला निमित्त मिळते, यातच ते खूश असत.

मॅग्डलीनची सून बर्था नवी नवी आली, तेव्हा वाकून ढवळताना तिच्या केसांतला लोखंडी आकडा माझ्यात पडला. कापड बाहेर काढले, तर पदरावर रुपयाएवढा काळा डाग! हिरड्याच्या पाण्यातल्या कापडाला लोखंड लागले की ते शाईसारखे काळे पडते, आणि मग तो डाग मरेपर्यंत जात नाही. मॅग्डलीनने ते लुगडे आपल्यासाठी ठेवून घेतले. रविवारी तेच लुगडे नेसून ती चर्चमध्ये मिस्साला गेली आणि विचारणाऱ्या बायांना म्हणाली, "माज्याच हातून झाला." सासूने सुनेची चूक अशी आपल्या पदरावर घेतलेली मी पाहिली आहे, मित्रांनो.

मॅग्डलीन गेली तेव्हा तिला माझ्यात रंगवलेल्या लाल लुगड्यातच पुरले.

पुढे दिवस फिरले. दुकानातले रंगीत कापड स्वस्त आणि दिसायला झकपक. मुळ्या खणायला कोणाला वेळ होता? माझ्यात आधी कोळसे ठेवले, मग एका कोंबडीने माझ्यात पिल्ले काढली. तिचा मला राग नाही, निदान ऊब तरी होती. नंतर माझ्या बुडाला भोक पडले आणि मी अगदीच निकामी झालो. कुंपणाकडच्या बारतोंडीही एकेक करून गेल्या. बावखल भरावाखाली गेले. शेवटचे झाड भिंत घालताना तोडले, तेव्हा म्हाताऱ्या बर्थाने कामगारांच्या हातापाया पडून त्याच्या मुळ्या तेवढ्या मागून घेतल्या. साल वाळवून एका डब्यात भरून ठेवली.

"यातून एकच लुगडं व्हईल," ती नातीला, प्रिन्सीला म्हणाली. "ते माज्यासाटी. मना सासूच्या शेजारी निजायचंय, तिच्याच रंगात."

"आजी, असं नको ना बोलू," प्रिन्सी म्हणाली. "पण रंगवशील तेव्हा मला शिकव हं. मी सगळं लिहून घेणार."

त्यानंतर बर्था फार आजारी पडली आणि सतरा दिवस हॉस्पिटलात होती. तिचा मुलगा, म्हणजे प्रिन्सीचा बाप इग्नेशियस, गोखिवऱ्याला एका कारखान्यात पत्र्याची कपाटे बनवतो. आईची इच्छा त्याला ठाऊक होती आणि माझे भोकही. तो मला कारखान्यात घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत, स्वतः उपाशी राहून, त्याने ते ठिगळ बसवले. रिबिटींची डोकी आतून घासून सपाट केली. मग कल्हईवाला शोधून आतून अशी कल्हई करून घेतली, की रिबिटी कुठे आहेत ते देवालाही दिसू नये. नियम त्याला कोण सांगणार? रंगाच्या दिवशी तो जन्मभर घराबाहेरच होता.

मला ओरडून सांगायचे होते. पण मला तोंड असले तरी जीभ नाही.

बर्था घरी आली. इग्नेशियसने मला आयतेच चुलीवर चढवून ठेवले होते. तिने आत वाकून पाहिले, माझ्या पांढऱ्याशुभ्र कल्हईत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि ती लहान मुलीसारखी हसली. मग तिने लेकाला बाहेर पिटाळले. खुर्चीत बसून ती सांगत होती आणि प्रिन्सी करत होती, एकीकडे वहीत लिहीत होती. दांडा लाकडीच होता, त्यामुळे लोखंडाचा नियम सांगायचे बर्थाला सुचलेच नाही. जाळ लागला. पाणी हळूहळू लाल होऊ लागले. तासाभराने दांड्याने घासून घासून रिबिटींवरची कल्हई सुटली, आणि माझ्या बुडातून काळे वर येऊ लागले. मी ते थांबवू शकलो नाही.

बर्थाला आधी वाटले, आपली नजर कमी झाली. मग तिने जाळ काढायला लावला, पाणी निवू दिले आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. तिची बोटे बुडावर फिरली. एक, दोन, तीन… सहा. तिला कळले.

तेवढ्यात इग्नेशियस न राहवून परसात आलाच. "आय, कसा झालाय टोप? लोकंडाचं ठिगल मारलंय मी. आता शंभर वर्सं हलनार नाय!" मग त्याची नजर लुगड्यावर गेली. ते लाल नव्हते. करवंदाच्या डागासारखे काळपट झाले होते. "रंग… असा का?"

"आजी, काय चुकलं आपलं?" प्रिन्सीने पेन सरसावून विचारले.

बर्थाने लेकाकडे पाहिले. त्याच्या अंगठ्याला अजून पट्टी होती, हातोडा लागला होता ना! ती म्हणाली, "मुल्या जुन्या झाल्या व्हत्या, पोरी. दुसरं काय नाय. टोप झकास झालाय."

प्रिन्सीने वहीत लिहिले: मुळ्या जुन्या घेऊ नयेत.

बर्थाला खरे सांगायचे होते, हे मी शपथेवर सांगतो. पुढचे नऊ दिवस ती अंथरुणावर होती आणि तिचा गुणी लेक रजा काढून उशाशी बसून होता, हलला म्हणून नाही. एकदा तो पेज आणायला उठला, तेव्हा तिने प्रिन्सीचा हात धरला. "टोपाचं… ते…" एवढे बोलली, तोच तो वाटी घेऊन आला. तिने हात सोडला आणि पेजेसाठी तोंड उघडले. दहाव्या दिवशी ती गेली. तिला त्याच काळपट लुगड्यात पुरले, सासूच्या शेजारी. दफनभूमीत कोणीतरी कुजबुजले, "हा कसला रंग म्हनायचा?" इग्नेशियसने ते ऐकले आणि मान खाली घातली.

शेवटच्या बारतोंडीखाली पडलेल्या बिया प्रिन्सीने आधीच वेचून ठेवल्या होत्या. त्यातली चार रोपे जगली. आज ती तिच्या खांद्याला लागतात. मुळ्या काढण्याजोग्या झाल्या आहेत. काल तिने मला चिंच लावून घासले आणि मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "या वेळी मुळ्या एकदम ताज्या आहेत. आणि टोप बाबांनी पक्का केलाय. लाल येणारच!"

येणार नाही, मित्रांनो. किती वेळा रंगवले तरी येणार नाही. ती दर वेळी मुळ्यांनाच दोष देईल, आणि एक दिवस कंटाळून ती झाडेही तोडून टाकील.

जुनी वस्तू दुरुस्त करताना तिचे काम काय, हे आधी कोणाला तरी विचारा, एवढेच मला तुम्हाला सांगायचे होते. आणि एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी गासला आलात, तर प्रिन्सीला सांगा, की मुळ्या चांगल्या होत्या. बुडातल्या लोखंडाने घात केला. तिला नक्की सांगा. फक्त सांगताना इग्नेशियस जवळपास नाही ना, तेवढे बघा.