पात्याचा आठवा तुकडा

जोलीन टकवेलने डबीतले कटरच्या पात्याचे तुकडे मोजले.

चार. पुन्हा मोजले, तरी चारच. कटरमध्ये उरलेलं पातं तीन तुकड्यांचं. नवं पातं आठ तुकड्यांचं असतं. धार बोथट झाली की टोकाचा तुकडा मोडायचा आणि डबीत टाकायचा. चार आणि तीन सात. पहिलीतलं पोरही करील असलं हे गणित जोलीनने भर उन्हात, ट्रकच्या फळीवर तुकडे मांडून पाच वेळा केलं. सातच आले.

म्हणजे आठवा मागच्या अंगणात होता. नखाएवढा, एका कडेने वस्तऱ्यासारखा. आणि अर्ध्या तासात त्याच अंगणात साठ माणसं अनवाणी येणार होती. टोंगा बेटांवरून आलेल्या या घरात चपला फाटकाशीच काढतात, मग आत घर असो की प्लास्टिकचं गवत. शिवाय लुपे होती. तिचाच आज पहिला वाढदिवस, आणि ती अजून रांगत होती.

वीस वर्षं जोलीन पश्चिम सिडनीतल्या अंगणांतलं हे खोटं गवत सांधत आली होती. कुत्र्याने उकरलेलं, उन्हाने वितळलेलं, कोळशाने भोकं पडलेलं. त्याचे तंतू उभे राहावेत म्हणून शेवटी त्यात हिरवी वाळू भरतात. काम शिकवणाऱ्या कॉलिनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाळू पसरायच्या आधी मोजायचं. वाळू पडली की हे गवत काही परत देत नाही." कॉलिन ते मोल देऊन शिकला होता. त्याच्या राहिलेल्या एका तुकड्याने एका पोरीची टाच उभी चिरली. त्यानेच तिला दवाखान्यात नेलं, आणि त्यानंतर कटर पुन्हा हातात घेतला नाही. दोन महिन्यांत जोलीनला काम शिकवून त्याने ट्रक विकून टाकला. ती किंकाळी जोलीनने ऐकली नव्हती, पण आत्ता तिला ती अगदी कानाशी ऐकू येत होती.

चूक कुठे झाली, तेही तिला लख्ख आठवलं. नाताळात डुक्कर भाजताना निखारे पडून गवत करपलं होतं. तो चौकोन कापून काढून, खाली पट्टी अंथरून, ती गोंद लावत होती. नुकताच मोडलेला तुकडा डाव्या हातात होता. तेवढ्यात लुपेची आजी, आनासेइनी, ताट घेऊन समोर उभी राहिली. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आत खारं गोमांस.

"हात थांबव आणि खा, पोरी. हाडं वाजतायत तुझी."

"आँटी, गोंद वाळेल."

"वाळू दे. उपाशी बाई माझ्या अंगणात काम करणार नाही."

या घरात ताट एका हाताने घेत नाहीत, हे जोलीनला ठाऊक होतं. तिने दोन्ही हात पुढे केले. तुकडा कुठेतरी खाली ठेवला. मग खाल्लं, वाखाणलं, आणखी वाढून घेतलं, घाईघाईने नवा चौकोन बसवला आणि न मोजता वाळू पसरली. शाबास जोलीनबाई!

किल्ली ट्रकला लावलेलीच होती. निघून जावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तुकडा कोणाचा, हे कोण सिद्ध करणार? मग स्वतःचीच शिसारी येऊन तिने चुंबकाची गाडी खाली उतरवली.

अंगणात मांडव उभा राहिला होता. आनासेइनी खुर्चीवर बसली होती आणि पांढऱ्या फ्रॉकवर, टोंगन रिवाजाप्रमाणे, कमरेला विणलेली चटई गुंडाळलेली लुपे तिच्या मांडीवरून निसटायला धडपडत होती.

"परत आलीस? जेवण इतकं आवडलं?"

"खिळे राहिलेत का, बघते," जोलीन म्हणाली. "पोरीला खाली नका सोडू, आँटी. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं? आज हिला दहा क्षण धरून दाखव तू!"

जोलीनने नव्या चौकोनावरून चुंबक फिरवलं. उभं, आडवं. काही नाही. गोंदात बसलेला तुकडा चुंबकाला येत नाही, हा विचार तिने मागे ढकलला. फाटकाशी गाड्यांची दारं वाजू लागली. पाहुण्यांच्या चपलांचा ढीग वाढू लागला. तिने चौकोनाबाहेरून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि कुंपणाच्या बाजूला टिक्‌ असा आवाज झाला.

चुंबकाखाली हिरव्या वाळूने माखलेला एक तुकडा चिकटला होता. पात्याचाच. तिरकी टोकं, नखाएवढा. जोलीनला रडूच कोसळलं.

"मिळाला," ती म्हणाली. "माझ्या कटरचा तुकडा होता, आँटी. खोटं बोलले मी. खिळा नव्हता."

आनासेइनीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "लाज नाही वाटली?"

"भीती वाटली."

"हं. मिळाला ना? मग डोळे पूस. माझ्या नातीच्या वाढदिवसाला कोणी रडायचं नाही." म्हातारीने लुपेच्या बगलेत हात घातले आणि तिला गवतावर सोडलं. लुपे सरळ नव्या, गर्द हिरव्या चौकोनाच्या दिशेने निघाली.

जोलीनने अंगठ्याने तुकड्यावरची वाळू पुसली. खाली तांबूस पापुद्रा निघाला. गंज. बोटाला करकरीत लागणारा, जुना गंज. तिचं पातं तर आज सकाळीच खोक्यातून काढलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ज्या कोणी हे गवत अंथरलं, त्यांचा हा तुकडा होता. लुपे याच गवतावर रांगायला शिकली होती.

आनासेइनी पाहुण्यांकडे वळून हसत होती. ती तर समाधानाने बसली होती. जोलीनने नुसती मूठ मिटली असती तरी कोणाला काही कळलं नसतं. ती धावली. बूट घातलेल्या पायांनी, पाहुण्यांना ढकलत, ओरडत, आणि चौकोनाच्या कडेशी पोहोचलेल्या लुपेला तिने दोन्ही हातांनी उचलून घेतलं. पोर घाबरून किंचाळली. साठ माणसं जागच्या जागी थिजली.

"कोणी पाऊल हलवू नका!" तिचा आवाज फाटला होता. "आँटी, हा माझा नाही. माझा अजून आतच आहे."