सडकं फळ कुठे आहे?

मी इन्सुलिनची बाटली बोलतेय. बोटभर उंची, रबरी टोपण, मुक्काम फळवाल्याच्या फ्रिजच्या दारात. कारखान्यातून बर्फाच्या पेटीत बसून आले, असा थाट होता माझा!

फळवाल्याच्या लेकीच्या शरीरात इन्सुलिन तयारच व्हायचं नाही. मी नसले की साखर रक्तातच फिरत राहते. पेशी उपाशी. मग शरीर स्वतःची चरबी जाळतं आणि रक्तात विषारी आम्ल साठतं. चौदा वर्षांची पोर स्वतःच सुई टोचून घ्यायची. "चल गं बाटलीबाई, लाग कामाला," म्हणायची. फार जीव होता माझा तिच्यावर.

मंगळवारी तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या. तिनं मला उचललं तशी आई धावत आली.

"पोटात अन्नाचा कण नाही आणि सुई कसली टोचतेस? साखर एकदम उतरेल!"

"आई, आजारपणात बंद करायची नाही, डॉक्टर म्हणालेत."

"डॉक्टर येणारेत का इथे रात्रभर जागायला? ठेव ती!"

ठेवली मला. वर ताकद यावी म्हणून आईनं दुकानातली सगळ्यात गोड संत्री निवडून रस पाजला. काय बोलायचं या मायेला!

दुसऱ्या दिवशी पोर घटाघटा पाणी पीत होती, सारखी लघवीला पळत होती. दुपारी धापा टाकायला लागली. त्या आम्लापायी तोंडाला फळं आंबल्यासारखा वास. दुसऱ्या कुणाच्या घरात तो लगेच कळला असता. इथे पुढे दुकान, मागे घर.

"कुठलं तरी खोकं सडलंय. आधी शोधा, गिऱ्हाईक पळेल," बाप म्हणाला. नवराबायको तासभर खोकी उपसत बसले. एक फळ सडकं निघेना. अरे मूर्खांनो, पोरीचं तोंड हुंगा! पण बाटलीचं कोण ऐकतं?

पोर हाकेला ओ देईना, तेव्हा दवाखान्यात धावले. मी आईच्या पिशवीत होते. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं इन्सुलिन कधी?"

"परवा. उपाशीपोटी एकदासुद्धा टोचू दिलं नाही हो मी," आई म्हणाली. शाबासकीच मिळणार होती जणू.

पहाटे पोर गेली.

तुमच्या घरात माझी कुणी बहीण असेल, तर पाया पडते, आजारपणात तिला आपल्या मनानं बंद करू नका. साखर तपासा, डॉक्टरांना फोन करा.

मी अजून फ्रिजच्या दारातच आहे, अर्धी भरलेली. आई रोज सकाळी मला बाहेर काढते, रिकाम्या खाटेपाशी धरते आणि म्हणते, "घे गं बाळा. आता नाही अडवत."