शेजारणीपेक्षा हिरवी

मी एक जुनी पत्र्याची टाकी आहे. मित्रांनो, माझ्यात नुसते पाणी कधी कोणी साठवले नाही. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने मला भातखाचरातल्या चिखलाने भरले. माझ्यावर काचेची खोली उभारली आणि तिच्यात नळीने जादा कार्बन डायऑक्साइड सोडला. शेजारच्या टाकीला साधी हवा मिळे. हवेत हा वायू वाढत गेला, तर भाताच्या मातीचे काय होईल, हे संशोधक वसुधाबाईंना पाहायचे होते.

पहिल्या हंगामात माझा भात शेजारणीपेक्षा उंच वाढला. पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढत. वसुधाबाई मात्र वाकून माती तपासत. वाढलेल्या भाताने माझ्यातला नायट्रोजन जास्त ओढून घेतला होता. ही माती आणखी किती पुरेल? पुढच्या हंगामात दोन्ही टाक्यांना खत द्यायचे नाही, असे ठरले. विद्यापीठाची समिती प्रयोग पुढे चालू ठेवणार की नाही, हे त्या हंगामावर अवलंबून होते.

त्या हंगामात माझ्या भाताची पाने पिवळी पडू लागली. मग महिन्याभरात ती पुन्हा हिरवी झाली.

"वसुधा, तुझी माती थकलीच नाही यार!" सहकारी गिरीश म्हणाला. "रिपोर्टमध्ये गुड न्यूज लिहून टाक."

वसुधाबाईंनी चिखलात हात घातला. बोटांना कुजलेला झेंडू लागला.

नागपूरहून आलेल्या त्यांच्या आई रोज त्यांच्याबरोबर येत. त्या पुढे झाल्या.

"अगं, पूजेचं निर्माल्य आहे ते. देवाची फुलं गार्बेजमध्ये कशी टाकायची? इथं पाणी होतं. हाच भात बिचारा पिवळा दिसत होता, म्हणून उरलेलं पंचामृतही ह्यालाच घातलं."

"म्हणजे रोज जेवायला घालत होतीस!" वसुधाबाईंना हसू आले, पण ते टिकले नाही.

"मूठभर फुलं ती," गिरीश म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. हा सीझन कॅन्सल."

आईंचा चेहरा उतरला. वसुधाबाईंनी त्यांना जवळ घेतले, पण निर्णय बदलला नाही. घडले ते त्यांनी समितीला जसेच्या तसे सांगितले. समितीने नाराजीनेच मुदत वाढवली. दोन्ही टाक्यांत नवी माती आली आणि प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी दुसऱ्या हंगामात माझा भात शेजारणीच्या आधी पिवळा पडला, तो पिवळाच राहिला. दाणेही हलके भरले.

मित्रांनो, आता मी रिकामी आहे, शेडमागे गंजते आहे. माझे एकच मागणे आहे. पीक उंच दिसले म्हणून माती सुखात आहे असे समजू नका. तिच्यातून काय गेले ते तपासा, आणि तेवढे तिला परत द्या.